विहारातलं वायफाय आणि उपडं पात्र

शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या असतील, त्या सांभाळून घ्याव्यात. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे वजनदार शब्द मला येत नाहीत. बेलदरीच्या विहारात जे घडलं ते सुगतदादाने जसं सांगितलं तसंच साध्या शब्दांत लिहितो आहे.

"चोर किती आले, सुगत?"

भंते बोधिपाल विहाराच्या पायरीवर बसून पायाच्या भेगांना तेल चोळत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं.

सुगत आत लोखंडी कपाटाला कुलूप घालत होता. त्याचा हात थांबला.

"चोर? कुठले, भंते?"

"महिना झाला, तू वायफायची राखण करतो आहेस. म्हणून विचारलं."

"एकही नाही." सुगतची मान जराशी ताठ झाली. "येऊच शकत नाही."

"आणि माणसं?"

सुगतला प्रश्न कळला नाही. तो किल्ली खिशात टाकत म्हणाला, "माणसं येतात की. विचारतात मला, मी जोडून देतो."

"तुला विचारतात..."

"हो, भंते."

भंते पुन्हा तेल चोळू लागले.

बेलदरी हे गाव तिन्ही बाजूंनी डोंगरात अडकलेलं. मोबाइलची रेंज गावात येत नाही, टेकडी चढून वर गेलं तरच काय ती मिळते. ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेटची तार आली, तेव्हा सगळ्यांनी मिळून ती विहारापर्यंत ओढून घेतली. कारण विहारात अभ्यासिका होती. पोलीस भरतीची, तलाठ्याची, नर्सिंगची तयारी करणारी मुलंमुली दिवसभर तिथे बसत. वायफायची पेटी बसली आणि गावातली म्हातारीकोतारीही फोन घेऊन विहाराच्या ओट्यावर येऊ लागली. कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची लेक भिलाईला. संध्याकाळी ओट्यावर नुसती बडबड असे.

मग एक दिवस वाईट झालं. पेटीच्या आतल्या सेटिंगची चावी कारखान्यातून आली तशीच होती, कुणी बदललीच नव्हती. पासवर्डही एक ते आठ आकडे. कुठल्या तरी टवाळ पोरांनी आत शिरून सगळं उलटंपालटं करून ठेवलं. नेमका त्याच दिवशी परीक्षेच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. चार पोरांचं वर्ष गेलं.

सुगत तेव्हा नागपूरहून नेटवर्किंगचा कोर्स करून नुकताच परतला होता. त्याने सगळं हातात घेतलं.

आणि खरं सांगायचं तर त्याला ते जमलंही.

"आधी फक्त पासवर्ड होता, भंते." सुगत पायरीवर येऊन बसला. आपलं काम समजावून सांगायला त्याला आवडायचं. "आता पाहा. नेटवर्कचं नाव लपवलं. कुणाच्या फोनमध्ये ते दिसतच नाही. दिसलंच नाही तर शिरणार कुठून? वर मी ज्या फोनची नोंद करीन तेवढेच फोन चालतात. आणि कुलूप सगळ्यात नव्या जातीचं लावलंय. डब्ल्यूपीए-थ्री. त्याच्यापुढे सध्या काही नाही."

"आणि पेटी कपाटात."

"हो. हातच लागायला नको कुणाचा."

बेलदरीत ही जुनी रीत. किमती वस्तू आली की ती विहाराच्या लोखंडी कपाटात जायची. ग्रंथ तिथे, दानात आलेली चीवरं तिथे, ध्वनिक्षेपकाचा भोंगाही तिथे. पेटी आली तेव्हाच म्हातारी मंडळी म्हणाली होती, कपाटात ठेवा. ते ऐकून सुगत हसला होता. पण पोरांचा तो प्रकार झाल्यावर त्याने स्वतःच्याच हाताने ती कपाटात ठेवली. लोखंडाने लहरी अडतात हे त्याला ठाऊक होतं. जाऊ दे थोडी रेंज, असं त्याने ठरवलं.

"लोखंडाच्या आत बसून ती बोलते कशी रे?" भंतेंनी विचारलं.

"बोलते... हळू बोलते."

अभ्यासिकेच्या खिडकीतून पौर्णिमेचा आवाज आला. ती नर्सिंगची तयारी करत होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"सुगतदादा, नेट निर्वाणाला गेलं वाटतं. पुन्हा येणार का नाही?"

आतली पोरं खिदळली. भंतेही हसले. सुगत उठला.

*

यशोदाबाई मेश्राम फाटकातून आल्या त्या वेळी सुगत पेटी बंद करून पुन्हा चालू करत होता. गुडघे धरत, एकेक पायरी चढत त्या वर आल्या. भंतेंना वंदन केलं आणि पदराच्या गाठीतून फोन काढला.

"सुगत, बापू, पाह्य बरं याले काय झालं. महिना झाला, मुकाच हाय."

"आजी, मी तुम्हाला मागेच म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतं?"

"हा फोन जुना आहे. नव्या कुलपाची भाषा याला येत नाही."

"भाषा मले बी येत नाही तुही. तरी बोलतो ना तू माह्याशी."

खिडकीत पुन्हा कुणीतरी हसलं. सुगतचे कान लाल झाले. तो मुळात लाजाळू, चारचौघांत कुणी हसलं की त्याचा आवाज चढायचा.

"नवा फोन घ्यायला सांगा जीवकला."

जीवक म्हणजे यशोदाबाईंचा मुलगा. सुरतेला कापडाच्या गिरणीत होता. हा फोन त्याने पहिल्या पगारातून आईला पाठवला होता. काच तडकलेली, मागचं झाकण रबराने बांधलेलं. यशोदाबाई तो फोन कुणाच्या हातात सहसा देत नसत.

"जीवकले पोरगी झाली," त्या भंतेंकडे वळून म्हणाल्या. "दिवस भरले नव्हते. काचेच्या पेटीत ठेवलं होतं लेकराले. आता घरी आणलं हाय. डॉक्टर म्हणते, प्रवास नको. माहे गुडघे असे. टेकडीवर गेलेल्या पोराजोळ त्यानं निरोप धाडला, माय, उद्या सकाळी नाव ठेवू, तू फोनवरून सांगजो नाव. भंते वंदना घेतील. म्हणून आली मी."

"साधु, साधु," भंते म्हणाले. "तोंड पाहिलंत का नातीचं?"

"कुठून पाहू? फोन मुका ना."



सुगत म्हणाला, "त्यात काय आजी, उद्या माझ्या फोनवरून बोला. मी धरून उभा राहीन."

"अन् परवा?"

"परवा..."

"तेरवा? पोरगी काय उद्याच्याच दिवस दिसाले पाह्यजे मले? रोज तुह्या मागं फिरू काय, बापू दाखव, बापू दाखव?"

"मी कुठे नाही म्हणतो?"

"नाही म्हणत. पण मागावं तं लागते ना."

यशोदाबाईंनी फोन पुन्हा पदरात बांधला.

"अन् माह्या नातीचं नाव मी मागून आणलेल्या फोनवर नाही ठेवत. पोरानं दिला हा फोन, याच्यावरच ठेवीन. नाहीच झालं तं टेकडीवर जाईन. बसत, उठत, जाईन. सकाळी अंधारातच निघतो मी."

"आजी, त्या गुडघ्यांनी?"

"गुडघे माहे, तुह्ये थोडीच दुखणार हाय."

त्या निघाल्या. भंतेंनी हाताने थांबवलं.

"बसा बाई. आज सुगतच्या घरचं भोजनदान आहे. ऊन उतरू द्या, मग जा."

सुगतने दोघांकडे पाहिलं. तो हट्टाला पेटला नव्हता, उलट आतून कासावीस झाला होता. पण चार पोरांचं वर्ष त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

"भंते, एका फोनसाठी कुलूप हलकं केलं तर सगळ्यांचंच हलकं होतं. मी काय करू?"

भंते म्हणाले, "मला काय कळतं त्यातलं? जा, डबा आण. सूर्य थांबत नाही."

*

भिक्खूचं जेवण सूर्य माथ्यावर यायच्या आत व्हावं लागतं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अन्न नाही. सुगतच्या आईने पहाटेपासून रांधलं होतं. भात, वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. आज आपल्या घरचं दान आहे म्हणून तिने ठेवणीतला आंबेमोहोर काढला होता.

सुगत डबे घेऊन आला तेव्हा भंते सभागृहात चटईवर बसले होते. समोर त्यांचं काळं भिक्षापात्र.

पात्र उपडं होतं.

सुगत जागच्या जागी थिजला.

बौद्ध घरात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्या गृहस्थाने संघाचा मोठा अपराध केला त्याच्यासमोर पात्र उपडं करतात. तुझ्या घरचं अन्न आम्हाला नको, असा त्याचा अर्थ.

डबा खाली ठेवून सुगत गुडघ्यांवर बसला.

"भंते... माझ्याकडून काय अपराध झाला?"

"अपराध? छे."

"मग पात्र..."

"ते तसलं नाही रे. त्यासाठी संघ बसावा लागतो. मी इथे एकटाच आहे." भंतेंनी उपड्या पात्रावर थोपटलं. "पात्र सुरक्षित ठेवलंय. बघ, माशी बसत नाही, धूळ जात नाही. मला तुझी युक्ती फार आवडली."

सुगत हसावं की रडावं अशा चेहऱ्याने बघत राहिला.

"पण भंते, वाढायचं कसं?"

"तू कोण?"

"...मी सुगत."

"नवा सुगत की जुना?"

"असं काय करता, भंते?"

"जुन्याचं अन्न चालत नाही या पात्राला. नव्या जातीचं आहे."

मागे भिंतीला टेकून बसलेल्या यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. पौर्णिमा अभ्यासिकेच्या दारात येऊन उभी राहिली. या वेळी ती हसली नाही.

"भंते, सूर्य माथ्यावर यायला आला," सुगत काकुळतीने म्हणाला. "आई पहाटेपासून..."

"तुझ्या आईची नोंद आहे का?"

"भंते..."

"नोंद तर मीच करायची ना? मग माझ्या मागे फिर."

सुगतने मान खाली घातली. चटईवरचं ऊन हळूहळू सरकत होतं. शेवटी तो तिरमिरीत बोलला.

"ठीक आहे. कुलूपच काढून टाकतो. सगळ्यांना मोकळं. येऊ दे ज्याला यायचं ते."

"रोज संध्याकाळी विहाराचं फाटक कोण लावतं?" भंतेंनी विचारलं.

"तुम्ही."

"कशाला?"

"डुकरं शिरतात. बागेची नासधूस करतात."

"हं."

"मग फाटक लावायचं की नाही, भंते? पात्र उपडं ठेवायचं की उघडं? काहीतरी एक सांगा."

भंतेंनी खिडकीतून अंगणातल्या आखूड सावल्यांकडे पाहिलं. सूर्य माथ्यावर आला होता.

"आता माझी वेळ गेली," ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट ते मजेत दिसत होते. "अन्न वाया घालवू नको. वाढ सगळ्यांना."

*

सुगतने वाढलं.

आईच्या हातचं दान भंतेंच्या पोटात गेलं नाही, ही गोष्ट त्याला काट्यासारखी टोचत होती. पण वाढायला लागल्यावर माणूस दुसरं काही आठवू शकत नाही. ताट समोर येतं, हात चालतो.

अभ्यासिकेतली पोरं ओळीने बसली. पौर्णिमेने तिखट नको म्हणून हात आडवा धरला, सुगतने तिला नुसतं वरण वाढलं. एका पोराला भूक फार, त्याला दुप्पट भात. सगळ्यांत शेवटी यशोदाबाई.

त्यांच्या तोंडात दात राहिले नव्हते. हे सुगतला ठाऊक होतं, गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याने भात वाढला, वर पातळ वरण ओतलं आणि कुणी न सांगता बसल्या बसल्या बोटांनी तो भात मऊ कालवून दिला.

"कालवून देतो रे बापू तू," यशोदाबाई म्हणाल्या. "जीवक असाच कालवून देते."

सुगतची बोटं भातातच थांबली.

त्याने मागे वळून पाहिलं. भात सगळ्यांच्या ताटात तोच होता. त्याच डब्यातला, ज्याला जसा जमेल तसा वाढलेला.

भंते डोळे मिटून बसले होते. झोपले होते की काय कुणास ठाऊक.

*

जेवणं झाल्यावर सुगतने कपाट उघडलं. पेटी बाहेर काढली. अंगावरची धूळ पुसली. ती सभागृहाच्या मध्यावर, उंच लाकडी फळीवर ठेवली, जिथून अभ्यासिका, ओटा आणि आवार तिन्ही सरळ दिसत होतं. कुणी म्हणालं, मूर्तीजवळ ठेव. तो म्हणाला, नको, तिथून भिंत आड येते.

मग तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला.

पेटीच्या आतली चावी त्याने सोडली नाही. ती अवघडच ठेवली, आणि फक्त स्वतःजवळ आणि भंतेंजवळ. टवाळ पोरांचा हात तिथूनच शिरला होता. ते दार पक्कं हवंच.

पण नेटवर्कचं लपवलेलं नाव त्याने उघड केलं. विहाराचं नाव पुन्हा सगळ्यांच्या फोनवर दिसू लागलं. नोंदीची भानगड मिटवली. कुलपाच्या जागी त्याने नवी आणि त्याच्या आधीची अशा दोन्ही जातींची मिळून असलेली सेटिंग निवडली. नवा फोन नव्या कुलपाने आत येईल, जुना फोन जुन्याने. फार जुनी, मोडकी कुलपं मात्र त्याने घेतली नाहीत. ती म्हणजे नुसती दोरी बांधल्यासारखी असतात.

रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी, परगावाहून वंदनेला येणाऱ्यांसाठी एक वेगळं नाव केलं. त्यातून नेट मिळेल, पण अभ्यासिकेच्या संगणकांपर्यंत हात पोचणार नाही.

हे सगळं करताना तो तोंडातल्या तोंडात बोलत होता. पौर्णिमा शेजारी उकिडवी बसून बघत होती.

"दादा, हे आधीच करता आलं असतं ना?"

"आलं असतं."

"मग?"

सुगतने लॅपटॉप जरा बाजूला सरकवला. म्हणाला, "यशोदा आजींना बोलव."

यशोदाबाई आल्या. त्याने विचारलं, "आजी, डोक्यात येतील ते चार शब्द सांगा. एकमेकांशी काही संबंध नको. तुमच्या लक्षात राहिले पाहिजेत एवढंच."

"कायले?"

"पासवर्ड करायचाय."

"म्या?"

"तुम्हीच."

यशोदाबाईंनी छताकडे पाहिलं. हनुवटी खाजवली.

"सुपली."

"हं."

"जांभूळ."

"हं."

"चुलतसासू."

पौर्णिमा फिस्सकन हसली. "चुलतसासू कशाला आजी?"

"डोक्यात आली ना थे. मरून वीस वर्षं झाले, तरी येते." मग चौथा शब्द आठवेना. त्या बराच वेळ थांबल्या. "घुबड," शेवटी म्हणाल्या. "थे चुलतसासूवरूनच आठवलं."

सुगतने चारही शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले. लांबलचक झाले. कुणी अंदाजाने ओळखेल अशी शक्यताच नव्हती.

"आता कोणाले सांगू नोको ना हे?" यशोदाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"तुमच्या ओळखीच्या, गावातल्या माणसाला सांगा. तुम्हाला भरवसा वाटेल त्याला. परक्यांसाठी दुसरं नाव केलंय, त्यांना ते द्या."

"म्या ठरवू?"

"तुम्ही ठरवा."

त्यांनी पदराची गाठ सोडली. फोन सुगतच्या हातात दिला. सुगतने यादीतलं विहाराचं नाव दाबलं, चार शब्द भरले आणि वाट पाहिली.

तडकलेल्या काचेखाली चक्र फिरत राहिलं... फिरत राहिलं...

लागलं.

फोनमधून एकापाठोपाठ एक आवाज येऊ लागले. महिनाभर अडकून पडलेले जीवकचे निरोप, फोटो. पहिला फोटो उघडला. काचेच्या पेटीतलं लाल, सुरकुतलेलं लेकरू. डोक्यावर टोपी, मूठ घट्ट आवळलेली.

यशोदाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग पुन्हा जवळ नेला.

"नाक माह्या माणसाचं हाय," त्या म्हणाल्या.

सुगत उठून अंगणात गेला. भंते तिथे पिवळ्या करदळीला पाणी घालत होते.

"लागलं, भंते."

"चांगलं झालं."

"तुम्ही आज उपाशी राहिलात."

"रात्री झोप हलकी लागेल. म्हातारपणी ते बरं असतं."

"मला समजलं, भंते. तुम्ही पात्र का..."

"या करदळीला कीड लागली आहे बघ," भंते म्हणाले. "खालची पानं धर."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगत सगळ्यांच्या आधी विहारात आला.

त्याने सभागृह झाडलं. चटया घातल्या. फुलांचं ताट मांडलं आणि त्याच्या पुढ्यात एक वीट उभी केली, म्हणजे यशोदाबाईंचा फोन तिला टेकवून ठेवता येईल. स्वतःचा फोन बंद करून टाकला. अभ्यासिकेतल्या पोरांनाही म्हणाला, अर्धा तास व्हिडीओ बघू नका रे. पोरं म्हणाली, दादा, आज आम्ही इथेच येऊन बसतो ना.

गाव जमलं. बायका पांढऱ्या लुगड्यांत आल्या. यशोदाबाईंनी नवी चप्पल घातली होती आणि ती दारातच काढताना त्यांना वाईट वाटत होतं, असं पौर्णिमा सगळ्यांना सांगत होती.

फोन लागला. पडद्यावर सुरतेची एक छोटीशी खोली दिसली. जीवक, त्याची बायको आणि तिच्या मांडीवर कापडात गुंडाळलेलं लेकरू. चित्र स्वच्छ होतं. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा दिसत होतं.

भंतेंनी त्रिसरण दिलं, पंचशील दिलं. इकडे बेलदरी म्हणत होती, तिकडे ती खोली म्हणत होती. थोडं मागेपुढे होत होतं, पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

सुगत खांबाजवळ उभा होता. त्याची नजर फोनच्या वरच्या कोपऱ्यावर खिळली होती. तिथे वायफायची खूण होती. एक रेघ कमी झाली की त्याचा श्वास अडकायचा. पुन्हा भरली की सुटायचा. मधेच तो हळूच जाऊन फळीवरच्या पेटीचा दिवा बघून आला. हिरवा होता. परत येऊन पुन्हा त्या कोपऱ्याकडे बघत उभा राहिला.

यशोदाबाई पुढे झाल्या. फोनजवळ तोंड नेऊन त्यांनी नातीचं नाव सांगितलं.

"साधु, साधु, साधु," सगळं सभागृह म्हणालं. सुगतही म्हणाला.

लेकरू रडायला लागलं. सगळे हसले. जीवकच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते लपवत नव्हता. खीर वाटली गेली. भंतेंनीही आज वेळेत जेवण केलं. सुगतच्या आईने पुन्हा डबा पाठवला होता आणि पात्र सरळ होतं.

बायका फोन घेऊन ओट्यावर जमल्या. मला पासवर्ड दे, मला दे, असं चाललं होतं. सगळ्या यशोदाबाईंभोवती. यशोदाबाई एकेकीच्या कानात सांगत होत्या आणि प्रत्येक वेळी चुलतसासूपाशी हसू फुटत होतं.

सुगतकडे कुणी आलं नाही.

तो थोडा वेळ खांबाशी उभा राहिला. मग भंतेंजवळ जाऊन बसला. पात्र धुवायला घेतलं.

"भंते, आज सकाळपासून मला कुणीच काही विचारलं नाही."

"हं."

"वाईट नाही वाटत. जरा वेगळं वाटतं."

"हं."

"शेवटी शेवटी एक रेघसुद्धा हलली नाही. मी बघत होतो."

भंतेंनी त्याच्या हातातून धुतलेलं पात्र घेतलं आणि उन्हात ठेवलं.

"मुलीचं नाव काय ठेवलं रे?"

सुगतने तोंड उघडलं... आणि मिटलं. ओट्यावरून बायकांचं हसणं येत होतं. त्याने आठवून पाहिलं. यशोदाबाईंचे हलणारे ओठ आठवले, वरचा कोपरा आठवला, चारी रेघा भरलेल्या आठवल्या.

नाव आठवेना.

भंते हसले.

"जा," ते म्हणाले, "विचारून ये."